उजव्या हाताने घे

मला थुंकणाऱ्या माणसांची पहिल्यापासून किळस. आणि देवाने माझ्या पदरात काय टाकलं, तर बेसबॉल! बारा वर्षं मी कधी लॅपटॉपसमोर, कधी कुठल्या तरी आडगावच्या पत्र्याच्या बाकांवर बसून माणसं थुंकताना बघितली. सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या आणि पच्चकन थुंकायच्या. मैदानात उतरताना थुंकायचं, आऊट झालं की थुंकायचं, नाही झालं तरी थुंकायचं. आमच्या साताऱ्यात लोकांनी थुंकू नये म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या टाइल्स लावतात. इथे कॅमेरा मुद्दाम जवळ जाऊन थुंकणं दाखवतो. शी! आणि त्या सगळ्यांच्या मधोमध माझा मुलगा संग्राम उभा असायचा. तो मात्र थुंकत नाही, एवढं एक वळण मी त्याला लावू शकले.

दुसरं वळण लावायला गेले ते फसलं. संग्राम डावरा. अमेरिकेत, एडिसनला त्याचा जन्म झाला, आणि दोन वर्षांचा झाला तेव्हापासून जेवायला, घ्यायला, द्यायला त्याचा डावा हात पुढे. फोनवरून सासूबाई म्हणायच्या, नंदा, मोडून काढ ती सवय. मी मोडायला लागले. जेवताना त्याच्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून खुर्चीला अडकवायचे. जेवणापुरतं तो सुधारला, पण आरती झाली की प्रसादाला हमखास डावा तळवा पुढे यायचा. मग मी त्यावर चापट मारायची, "उजव्या हाताने घे!" आणि तो हसून हात बदलायचा. तेहेतीस वर्षांचा घोडा झाला तरी हे चालू होतं. गेल्या वर्षीच्या गणपतीतसुद्धा मी चापट मारली आणि तो म्हणाला, "सॉरी आई, ऑटोमॅटिक आहे."

शाळेत त्याच्या कोचने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, ह्या हाताला हात लावू नका, डावरा पिचर म्हणजे सोनं. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आपल्या क्रिकेटमधला बोलर म्हणा. फरक एवढाच की तो धावत येत नाही, मातीच्या उंचवट्यावर उभा राहून टाकतो. आमचे हे, म्हणजे मनोहर, ते ऐकून इतके हुरळले की विचारू नका. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गादी उभी करून त्यावर पोराला चेंडू मारायला लावले. त्या गादीतून कापूस बाहेर येईस्तोवर बापलेक थांबले नाहीत.

सोनं! बारा वर्षांत त्या सोन्याने नऊ गावं आणि सात क्लब बघितले. मोठ्या क्लबांच्या खाली छोटे क्लब असतात, त्याच्या खाली आणखी छोटे, आणि त्या उतरंडीत माझा मुलगा वर-खाली करत राहिला. एका एप्रिलमध्ये बसने चौदा तास प्रवास करून पोचला, तर खोलीत पाच जण आणि हवा भरायच्या गाद्या दोन. मी राइस कुकर आणि मेतकूट घेऊन गेले होते. त्या खोलीत सॉक्सचा, तळलेल्या कोंबडीचा आणि मलमाचा जो काय वास मारत होता, तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. बाथरूममध्ये मी पाय ठेवला नाही, समोरच्या पेट्रोल पंपावर गेले.

एकदा त्याला एका क्लबने दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं, तर एक खेळाडू, ज्याचं नाव नंतर कळवू! मी हे तीनदा वाचलं. भाजीवाली पालकाच्या जुडीवर कोथिंबीर टाकते ना, तसा माझा मुलगा टाकला. त्याला फोन केला तर म्हणतो, "आई, इट्स नॉर्मल." मी म्हटलं, नॉर्मल गेलं खड्ड्यात, तू घरी ये. तो म्हणाला, "आई, एकदाच. मेजरमध्ये एकदा टाकतो, मग येतो."

एवढंच त्याला हवं होतं. सर्वात वरच्या पातळीवर, मोठ्या क्लबकडून एक मॅच. एकदा टाकलं की नाव कायमचं नोंदलं जातं, मग ते कोणी पुसू शकत नाही. वर जाऊन नुसते बसून परत आलेलेही पुष्कळ असतात, त्यांना कोणी कुत्रं विचारत नाही. त्याच्या वयाचे सगळे सोडून गेले. कोणी इन्शुरन्स विकतो, कोणी बापाचं शेत बघतो. हा हिवाळ्यात गोदामात खोकी उचलायचा आणि मार्चमध्ये पुन्हा बॅग भरायचा.

आता आमचं इथलं मराठी मंडळ. मंडळाचे अध्यक्ष प्रसाद, वय पंचावन्न, मुलगा अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये मोठ्या जागेवर. बारा वर्षं हा प्रसाद मला प्रत्येक संक्रांतीला विचारायचा, "काय नंदाताई, संग्राम अजून बॉलच टाकतो का?" आणि तिळगूळ हातावर ठेवायचा. त्या 'अजून'मध्ये जे काय असायचं, ते गिळून मी गोड बोलायची. बायका तर आणखी पुढच्या. एकीने मला तोंडावर विचारलं होतं, तो शिकला नाही का हो?

मग ऑगस्टच्या शेवटी, गुरुवारी सकाळी, फोन आला. मोठ्या क्लबचे दोन पिचर एकाच आठवड्यात दुखापतीने बसले आणि त्यांना डावरा हवा होता. त्या क्लबचं नाव मी घेणार नाही, माझं तोंड मला बाटवायचं नाही. संग्राम फोनवर बोलेना. मी म्हटलं, अरे बोल की! तर तो रडत होता. मीसुद्धा रडले, खोटं कशाला बोलू.

दुपारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर प्रसादचा मेसेज फिरला: आपला मराठी वाघ मेजरमध्ये! खाली वाघाचं चित्र, भगवा झेंडा आणि शिवाय एक नाचणारी बाई, ती का ते त्यालाच ठाऊक. वरातीमागून घोडं, पण केवढं ते घोडं! रविवारच्या मॅचची एकशे चाळीस तिकिटं, तीन बसेस, सगळ्यांना भगवे फेटे. आमच्या ह्यांना संयोजक केलं. बारा वर्षं मंडळात खुर्च्या मांडणारा माणूस एकदम संयोजक झाला, मग काय विचारता. शुक्रवारी संग्रामचा ह्यांना फोन आला तेव्हा हे गॅरेजमध्ये जाऊन बोलले. मी विचारलं, काय म्हणतो? म्हणाले, "काही नाही, नर्व्हस आहे. मी समजावलंय."

रविवारी दुपारी दीडची मॅच. आमची माणसं स्टेडियममध्ये शिरली ती बटाटेवड्यांचे डबे घेऊनच. गेटवर डबे अडवले तेव्हा तिथेच कट्ट्यावर बसून एकशे चाळीस माणसांनी वडे संपवले आणि चटणीचे हात रेलिंगला पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत गेल्यावर मैदानाकडे पाठ करून सेल्फी. कोणाला नियम ठाऊक नाही, कोण कोणाशी खेळतंय ठाऊक नाही. एकाने मला विचारलं, "काकू, संग्राम कुठला?" मी लांब कुंपणापाशी बाकावर बसलेल्या पिचरांकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे एक्स्ट्रा आहे का?"

मॅच रटाळ. आपला क्लब अकरा-दोनने मागे. ऊन नुसतं भाजत होतं. सातवा डाव अर्धा झाला की ह्या खेळात एक पद्धत आहे: सगळं स्टेडियम उभं राहतं, हातपाय मोकळे करतं आणि मिळून एक गाणं म्हणतं. नंतर पुन्हा बसून पुढचे डाव बघायचे असतात. पण आमच्या मंडळींच्या हाडात काय भिनलंय? सगळे उभे राहून गायला लागले की कार्यक्रम संपला! शेवटची प्रार्थना झाली, चला, चपला शोधा. माझ्या मागची रांग टाळ्या वाजवून मोकळी झाली. पिशव्या उचलल्या, पोरांना टोप्या घातल्या. "छान झाला हं कार्यक्रम," एक बाई मला म्हणाल्या.

मी उभी राहून ओरडले, "अहो, संपलं नाही! अजून दोन डाव आहेत!"

काही जण थबकले. त्यांना बिचाऱ्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पण प्रसादने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, बफे पाचचा सांगितलाय ओक ट्री रोडला. पुढे ट्रॅफिक लागेल. आणि आता काय राहिलंय, नऊ रनांनी हरतायत. उगाच कशाला टाकतील संग्रामला?"

उलट हरताना टाकतात नवीन माणसाला, एवढं बारा वर्षांत मला कळलं होतं. हे तर गादीपासूनचे तज्ज्ञ, ह्यांना कळत नव्हतं? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे फेटा सारखा करत होते. म्हणाले, "नंदा, मी संयोजक आहे. तीन बसेस आहेत. मला जायला हवं."

"तुमचा मुलगा तिथे बसलाय."

"त्याला कळेल. चल तू पण."

"मी हलणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही जा. श्रीखंड संपेल."

आणि गेला हो तो माणूस! माझ्या डोळ्यांदेखत गेला. चाळीस वर्षांचा संसार केला मी ह्या माणसाबरोबर, आणि त्या पायऱ्या चढणाऱ्या पाठीकडे बघून मला ओकारी यायची बाकी राहिली.

एकशे चाळीस खुर्च्या रिकाम्या. खाली चिवडा सांडलेला, दोन-तीन फेटे पडलेले, कोणाच्या तरी पोराचा ओला डायपरसुद्धा तिथेच खुर्चीखाली. मध्ये मी एकटी, मोरपंखी साडीत.

आठव्या डावात कुंपणाचं दार उघडलं आणि संग्राम बाहेर आला.

स्पीकरवर त्याचं नाव घेतलं, आडनावाची पार वाट लावली, पण घेतलं. तो त्या उंचवट्यावर उभा राहिला. पहिला चेंडू टाकला. मग तो खाली वाकला, बुटाची नाडी बांधली, आणि सरळ होऊन वर आमच्या खुर्च्यांकडे बघितलं. मी ताडकन उभी राहिले. दोन्ही हात हलवले. लाजबीज गेली कुठच्या कुठे. "फेक रे संग्राम! फेक! मी आहे! फेक!" पुढच्या रांगेतला गोरा म्हातारा वळून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, माय सन. तोही उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

हल्ली त्यांचा नियम आहे, आलेल्या पिचरने निदान तीन जणांना टाकावंच लागतं. दुखापत झाली तरच सुटका. हात वर करायचा, ट्रेनर धावत येतो. संग्रामने तिघांना टाकलं. पहिल्याने उंच उडवला आणि झेल दिला. दुसऱ्याने लांब मारला. तिसरा चक्क तीनदा हवेत बॅट फिरवून आऊट झाला! चौदा चेंडू, दोन आऊट. प्रत्येक चेंडूला मी तेच ओरडत होते, घसा बसेस्तोवर. मग मॅनेजर आला, त्याने चेंडू मागून घेतला, आणि माझा मुलगा खाली मान घालून आत गेला. नाव लागलं. आता कोणाच्या बापाला ते पुसता येणार नव्हतं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला: आई तू ट्रेनने जा, मला इथे थोडं काम आहे. मी ट्रेनने एकटी घरी आले आणि ह्यांनी बफेमधून बांधून आणलेला पुलाव कचऱ्यात टाकला. आठवडाभर मी त्या माणसाशी बोलले नाही. बुधवारी संग्राम घरी आला, म्हणाला क्लबने विश्रांतीला पाठवलंय, हात दमलाय. वर-खाली तर त्याच्या पाचवीलाच पुजलेलं, मी फार विचारलं नाही. लांब बाह्यांचा शर्ट घालून बसायचा आणि चमच्याने जेवायचा.

शनिवारी मंडळाचा गणपती, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये. सकाळी अकराला संग्रामचा सत्कार. बॅनरवर त्याचा फोटो आणि फोटोपेक्षा मोठा प्रसादचा फोटो. हे स्टेजवर उभे राहून बोलले, "मित्रहो, तो क्षण आम्ही सर्वांनी ह्याच डोळ्यांनी पाहिला." मी पहिल्या रांगेत बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या! बफेमध्ये पुऱ्या खाणारे लोक, ह्याच डोळ्यांनी पाहिला म्हणून टाळ्या वाजवत होते. लाज कुठे विकतात ते तरी सांगा, मी आणून देते.

मग आरती झाली. सरलाकाकू, आमच्यातल्या सर्वात मोठ्या, पंच्याऐंशीच्या, प्रसाद वाटायला उभ्या होत्या. संग्राम त्यांच्यासमोर आला. माझा हात सवयीने चापट मारायला उठलासुद्धा.

त्याने उजवा हात पुढे केला.

सरळ. न चुकता, न हसता. "बघा हो," सरलाकाकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "एवढा मोठा झाला, पण संस्कार बघा! नंदाने कसं वळण लावलंय!" चारचौघी माना डोलवायला लागल्या. एकतीस वर्षांत त्या हाताने कधी ऐकलं नाही, तो आज कसा ऐकतो? मी त्याच्या डाव्या बाजूला बघितलं. बाही मनगटापर्यंत ओढलेली, हात खिशात.

मी त्याचा दंड धरला, उजवा, आणि त्याला हॉलच्या स्वयंपाकघरात ओढत नेलं. मसालेभाताच्या ट्रेच्या मधोमध उभं करून म्हटलं, "काढ तो हात."

त्याने काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धवट मुडपलेली. मी हात लावला, गार पडलेली. बाही वर केली तर कोपर सुजून काळंनिळं.

"कधीपासून?"

"आधीपासून दुखत होतं, आई. डॉक्टरने सांगितलं होतं, आतला दोर, लिगामेंट, झिजलाय, दोन महिने टाकायचं नाही. पण मग कॉल आला ना. क्लबला सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याला बोलावलं असतं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"फ्रायडेला बाबांना सांगितलं. ते म्हणाले, एकशे चाळीस तिकिटं काढलीत, आता एकदा फेकून घे, नंतर आयुष्यभर विश्रांती आहेच." तो खाली बघत होता. "आता तुटलाय. पूर्ण. काल रिपोर्ट आला. आय अ‍ॅम डन."

वरणाची पळी हातात होती की मी उचलली, मला आठवत नाही. "कुठे आहे तो माणूस," मी म्हटलं, "आज स्टेजवर सगळ्यांसमोर त्याची पूजा घालते. स्वतःच्या पोराचा हात ठाऊक असून त्याला उभं केलं, आणि स्वतः श्रीखंड खायला—"

"आई, थांब. बाबा नव्हतेच तिथे." त्याने उजव्या हाताने माझं मनगट धरलं. "दोर पहिल्या बॉललाच गेला. टक् असा आवाज आला, मला ऐकू आला. मी खाली वाकलो ना, नाडी नव्हती सुटली. मी ठरवलं, हात वर करायचा, बस. नाव तर लागलंच होतं, एका बॉललाच लागतं. वर बघितलं तर सगळं ऑरेंज गेलेलं. मी म्हटलं, थँक गॉड, कोणी नाहीये, आता थांबता येईल."

बाहेर माईक खरखरला. प्रसाद म्हणत होता, आता आपण वीरमाता नंदाताईंना स्टेजवर आमंत्रित करू या.

"मग तू दिसलीस," संग्राम म्हणाला. "एकटी. इतके सगळे गेले आणि तू उभी होतीस. हात हलवत होतीस."

बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. त्याची ती दोन गार बोटं माझ्या मुठीत होती, आणि मी ती चोळत होते.

"आई, खूप लांब होतीस," तो म्हणाला, "पण काय ओरडत होतीस, ते मला ऐकू येत होतं."